आजी पुन्हा जिप्सीत बसली

बेळगावहून गोव्याला उतरायला चोर्ला, अनमोड, आंबोली असे घाट आहेत. आपल्याकडची बहुतेक मंडळी आता चोर्ल्यानेच जातात. पिरनवाडीला वळलं की किणये, रणकुंडये, कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल, जांबोटी, मग दोन्ही बाजूंनी जंगल आणि कणकुंबी. पुढे घाट उतरताना खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं, मग केरी, मग साखळी. आम्ही मात्र या रस्त्याने निघालो तर दहापैकी आठ वेळा घाट उतरतच नाही. आमचा प्रवास कणकुंबीला संपतो, कारण आजीचं माहेर तिथून आत, दोन ओहोळ ओलांडून असलेल्या एका वाडीत आहे.

कणकुंबी म्हणजे पाणी वाटून देणारं गाव. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. पूर्वेला पडलेला पाऊस तिच्यातून कूडलसंगमला कृष्णेत जातो आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. थोडं पश्चिमेला पडलेला पाऊस म्हादईत जातो आणि मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्राला मिळतो. श्रावणात तिथे उभं राहिलं, तर आपल्या डोक्यावर पडणारं पाणी कुठल्या समुद्राला जाणार हे सांगता येत नाही, इतकं ते चहूबाजूंनी कोसळत असतं. ढग तर रस्त्यावरच उतरलेले असतात.

अशा ठिकाणी जायला मामानं जिप्सी घेतली. बेळगाव हे लष्कराचं गाव. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे असल्यामुळे हिरव्या जिप्सी बघतच आम्ही मोठे झालो. मामाची गाडी तशीच, लिलावातून फिरत फिरत आलेली. 1985 साली भारतात आलेली ही गाडी कंपनी आता बनवत नाही. पण पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, खाली पाटे आणि शिडीसारखी मजबूत चेसिस, त्यामुळे चिखलातून ती शांतपणे निघते. पहिली दोन वर्षं आम्ही ती जशी आली तशीच वापरली. आजी दर श्रावणात तिच्यातून माहेरी जायची. भावाला भेटायची, माउलीची ओटी भरायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची.

मग गाडीला सामान लावायचं मी मनावर घेतलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातूनच झाली. नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून मामाला काहीतरी द्यायचं होतं. मोबाइलवर बघून बघून मी यादी केली. टपावर लांबलचक एलइडी बार, पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर विंच, छतावर कॅरिअर, बॉनेटच्या बाजूने वर चढणारा स्नॉर्केल आणि 235/75 आर 15 मापाचे जाडजूड टायर. गाडी दुकानातून बाहेर आली तेव्हा सगळ्या गल्लीने फोटो काढले. आजी म्हणाली, "लग्नातल्या नवरदेवासारखी दिसतेय."

त्यानंतरच्या श्रावणात आम्ही कणकुंबीला गेलो. त्या दिवशी आजीचा भाऊ जेवल्याशिवाय सोडेना, म्हणून निघायला सात वाजले. मुख्य रस्त्याला लागून पारवाडच्या दिशेनं थोडंच आलो असू, तर समोर दाट धुकं. मामानं टपावरचा बार लावला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. उजेड धुक्यावर आपटून आमच्याच डोळ्यांत येत होता. त्यानं बार बंद केला, पुन्हा लावून बघितला. तेवढ्यात प्लास्टिक जळल्याचा वास आला. हेडलाइट आधी निरांजनासारखे पिवळे झाले आणि मग दोन्ही एकदम गेले.

त्या अंधाराचं वर्णन करता येणार नाही. इंजिन चालू, पाऊस चालू आणि समोर काहीच नाही. मामानं अंदाजानं गाडी डावीकडे घेऊन थांबवली. नशिबानं चारही इंडिकेटर लुकलुकत होते. मी मोबाइलचा उजेड घेऊन मागे चालत गेलो आणि येणाऱ्या गाड्यांना हात करत उभा राहिलो, कारण एवढं सामान घेताना लाल त्रिकोण घ्यायचं मला सुचलं नव्हतं. वीसेक मिनिटांनी जांबोटीकडून एक टेम्पो आला. चालकानं गाडी ढकलून रुंद जागेत घ्यायला मदत केली आणि आम्हाला कणकुंबीला सोडलं. छतातून गळणाऱ्या पाण्यानं आजीचा खांदा आणि पदर आधीच भिजला होता, चढ-उतार करताना ती पूर्ण भिजली. घरी आल्यावर चार दिवस ताप. बरी झाल्यावर एवढंच म्हणाली, "त्या गाडीत मी पुन्हा बसायची नाही."

आजी 81 वर्षांची आहे. तिच्या भावाचे गुडघे गेलेत, तो बेळगावला येऊ शकत नाही. बस कणकुंबीपर्यंत जाते, पण पुढची पायवाट आणि ओहोळ तिला जमणारे नाहीत. वाडीत मोबाइलची रेंज दोन झाडांखाली येते. म्हणजे आजी गाडीत बसणार नसेल तर ही भावा-बहिणीची शेवटची भेट ठरली असती. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना कळत होतं.

दिवाळीनंतर मामा आणि मी गाडी उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे घेऊन गेलो. उद्यमबाग म्हणजे आमच्या गावचा लोखंडाचा भाग. फाउंड्र्या, लेथ, पंपांचे कारखाने. तिथे कुठल्याही दुरुस्तीला माणूस मिळतो. मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली, टपाकडे बघितलं आणि म्हणाले, "आधी सगळं काढा की. मग एकेक लावू. एका वेळी एकच वस्तू. लावली की चालवून बघायची, मग दुसरी."

मला ते वेळखाऊ वाटलं. कुठली वायर जळली ते शोधून बदलली की झालं, असं माझं गणित होतं. पण पाच वस्तू एका दिवशी बसवल्या असतील तर कुठल्या वस्तूमुळे काय बिघडलं हे कळायला मार्ग नसतो. मिस्त्रींनी मला शंभर पानी वही आणायला लावली. डाव्या पानावर तक्रार, उजव्या पानावर तपासणी आणि निकाल. ती वही आता गाडीच्या कप्प्यात असते.

पहिली तक्रार दिव्यांची. त्यांनी फ्यूजची पेटी उघडली, हेडलाइटचा फ्यूज काढून तळहातावर ठेवला आणि विचारलं, "इथे 15चा हवा. हा 30चा कुणी घातला?"

मी घातला होता. बार लावल्यापासून तो फ्यूज दोनदा उडाला होता. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा मी घरातल्या डब्यातून मोठा फ्यूज काढून लावला आणि मामाला सांगितलंही नाही. प्रश्न सुटला असं मला वाटलं होतं. आता दोघांसमोर ते सांगताना कान गरम झाले. मिस्त्री रागावले नाहीत. म्हणाले, "फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो ओरडत होता, तू त्याचं तोंड बंद केलंस. मग स्विचनं सोसलं."

झालं होतं ते असं. आमच्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टेअरिंगजवळच्या स्विचमधूनच जातो, मध्ये रिले नाही. 60 वॅटचे दोन दिवे म्हणजे 120 वॅट, 12 व्होल्टला 10 अँपिअर. बारही 120 वॅटचा आणि त्याची वायर हेडलाइटच्याच वायरीला गुंडाळलेली. म्हणजे 10 अँपिअरसाठी असलेल्या वाटेनं 20 अँपिअर जात होते. 15चा फ्यूज उडाला तेव्हा त्यानं आपलं काम चोख केलं होतं. 30चा घातल्यावर फ्यूज टिकला आणि स्विचच्या आतले पत्रे वितळले.

पण वितळण्याआधीही दिवे कमी उजेड का देत होते? ते मिस्त्रींनी मल्टिमीटरनं दाखवलं, आणि ही तपासणी कुणालाही घरी करता येते. त्यांनी तात्पुरता दुसरा स्विच जोडला, इंजिन चालू केलं, दिवे लावले. बॅटरीवर 14.1 व्होल्ट, दिव्याच्या टोकाशी 11.3. वाटेत 2.8 व्होल्ट हरवलेले. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन दिव्याच्या अर्थवर ठेवली. दिवा चालू असताना हा आकडा 0.2च्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. आमचा 1.4 आला. म्हणजे निम्मा तोटा परतीच्या वाटेवरच होता. कारण बघितलं तर नव्या बंपरच्या बोल्टवर अर्थिंगची वायर आवळलेली, पण खालचा रंग कुणी खरवडलाच नव्हता. रंगातून वीज जात नाही. त्यात दोन महिन्यांचा पाऊस आणि गंज. हॅलोजन दिव्याचं असं असतं, की व्होल्टेज पाचव्या हिश्शानं घटलं तर उजेड निम्म्याच्याही खाली येतो. आम्ही बाराचे पैसे देत होतो आणि खरे दिवे अर्धे विझलेले होते.

दुरुस्ती साधी होती. बॅटरीपासून नवी जाड वायर, बॅटरीच्या वीतभर अंतरात फ्यूज, मग रिले. रिलेवर आकडे छापलेले असतात: 30 वर बॅटरीकडून येणारी वायर, 87 वर दिव्याकडे जाणारी, 86 वर स्विचकडून येणारी आणि 85 वर अर्थ. आता स्विच फक्त रिलेला इशारा करतो, मोठा करंट त्याच्यातून जात नाही. अर्थिंग चेसिसवर, रंग खरवडून, बोल्टखाली दातेरी वायसर घालून आणि वरून ग्रीस लावून. पुन्हा मोजलं तर दिव्याशी 13.7 व्होल्ट. टपावरचा बार आम्ही परत लावलाच नाही. धुक्यात उजेड जितका उंचावरून येतो तितका डोळ्यांत परततो. त्याऐवजी हेडलाइटच्या खाली, वेगळ्या रिलेवर दोन छोटे पिवळे फॉग लॅम्प. मग घरामागच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी उभी करून, मागच्या सीटवर माणसं बसवून हेडलाइटचा रोख खाली केला. मागे वजन आलं की पुढचा उजेड वर उठतो आणि समोरच्याला आंधळं करतो.

दुसरी तक्रार टायरची. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की खरखर आवाज यायचा. अंगणात यायचा नाही, वळणाच्या चढावर यायचा. तो शोधायला मिस्त्रींनी गाडी येळ्ळूरच्या शिवारात न्यायला सांगितली. बासमतीची कापणी झालेली, काळ्या मातीचे बांध मोकळे. एक पुढचं चाक बांधावर, दुसरं खाली, असं गाडीला वाकडं उभं केलं आणि मी आडवा पडून बघितलं. टायर आतून पाट्याला घासत होता आणि वरून मडगार्डच्या कडेला. टायरच्या कडेवर अर्ध्या सेंटिमीटरची चकचकीत खाच पडली होती. स्टेअरिंगला अटकाव करणारा बोल्ट थोडा बाहेर काढला की घासणं थांबतं, पण मग गाडी कमी वळते. चोर्ल्याच्या वळणांवर ते परवडणारं नाही.

शिवाय टायरचं गणित मी कधी मांडलंच नव्हतं. मूळ टायर 205/70 आर 15, व्यास सुमारे 668 मिलिमीटर. माझा टायर सुमारे 734. जवळजवळ दहा टक्के मोठा. म्हणजे काटा 60 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात 66 नं जात होती आणि चढावर इंजिनाला दहा टक्के जास्त ओढावं लागत होतं. मामा वर्षभर म्हणत होता, "चढाला दम लागतोय रे हिला," आणि मी त्याला कार्ब्युरेटर साफ करायला सांगत होतो. टायर विकले, थोडं नुकसान सोसलं आणि मूळ मापाचे, पण खोल नक्षीचे घेतले. राजहंसगडाच्या चढावर मामानं गाडी घातली आणि अर्ध्या वाटेत हसायला लागला.

तिसरी तक्रार स्नॉर्केलची. ती तक्रार आमची नव्हतीच, मिस्त्रींची होती. त्यांनी इंजिन चालू ठेवलं आणि मला वरच्या तोंडावर तळहात दाबून धरायला सांगितलं. मी धरला, इंजिन निवांत चालू. "श्वास बंद केला तर मरायला पाहिजे," ते म्हणाले. "हा दुसरीकडून श्वास घेतोय." बॉनेटखाली एअर फिल्टरच्या डब्याशी रबरी नळीचा सांधा नुसता सरकवून ठेवला होता, क्लिप नव्हती. म्हणजे पाणी बॉनेटला लागताच त्या फटीतून इंजिनात गेलं असतं, आणि आम्ही मात्र स्नॉर्केल आहे म्हणून ओहोळात निर्धास्त शिरलो असतो. सांधा नीट बसवून क्लिप आवळल्यावर पुन्हा हात ठेवला, तेव्हा इंजिन दोन सेकंदांत गुदमरून बंद पडलं. तुमच्या गाडीला स्नॉर्केल असेल तर ही तपासणी आजच करून बघा, एक पैसा लागत नाही.

त्याच वेळी अ‍ॅक्सलचे श्वासनळे तपासले. लांबून आलेल्या गाडीचा अ‍ॅक्सल तापलेला असतो. तो गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि श्वासनळी चोंदलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल काढून बघितलं तर मागचं ताकासारखं पांढरट झालेलं. तेल बदललं, श्वासनळ्यांना लांब नळ्या लावून तोंडं वर बांधली. मिस्त्रींची सूचना मात्र साधीच: ओहोळाआधी दहा मिनिटं थांबा, चहा प्या, मग उतरा.

चौथी तक्रार छताची. कॅरिअरसाठी छताला आठ भोकं पाडली होती आणि पाणी कुठूनतरी आजीच्या सीटवर पडायचं. पाणी जिथे पडतं तिथेच शिरतं असं नसतं, ते आतल्या पत्र्यावरून वाहत कुठेही जातं. मी आत बॅटरी घेऊन बसलो, आतल्या बाजूला खडूची पूड फासली आणि मामानं बाहेरून नळीनं पाणी सोडलं, आधी खालून, मग हळूहळू वर. वरूनच सुरुवात केली असती तर सगळीकडेच ओलं झालं असतं. तिसऱ्या बोल्टपाशी खडूत रेघ उमटली. पाणी पुढे शिरत होतं आणि मागे आजीच्या खांद्यावर पडत होतं. कॅरिअर काढलं, आठही भोकं बुजवली. छतावर न्यायला आमच्याकडे असतं काय? ओटीचं सामान आणि कुंद्याचा डबा.

राहिला बंपर आणि विंच. टेपनं मोजलं तर गाडी पुढून तीन सेंटिमीटर बसली होती. विंच दोन वर्षांत एकदाही वापरला नव्हता. आणि इथे कायद्याचीही गोष्ट आहे, जी मला आधी माहीत असायला हवी होती. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं, की गाड्यांवरच्या अनधिकृत क्रॅश गार्डवर कारवाई करावी. असं लोखंड पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतं आणि नव्या गाड्यांमध्ये एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा आणू शकतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ सांगताना स्पष्ट केलं, की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. कणकुंबीच्या आसपास तर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र तिन्ही जवळ. कुठल्या राज्याचा पोलीस कधी अडवेल सांगता येत नाही, आणि अडवलं तर बरोबर त्याचंच असणार. बंपर गेला, विंच गेला. त्याऐवजी एक जाड पट्टा, दोन शॅकल, फावडं आणि लाल त्रिकोण. सगळं मिळून एका पोत्यात बसतं.

जे ठेवलं तेही मिस्त्रींनी लगेच पास केलं नाही. प्रत्येक वस्तू बसवल्यावर जांबोटीपर्यंत एक फेरी आणि परत आल्यावर सगळे नट पुन्हा पान्यानं तपासायचे. नवीन बसवलेला नट पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये थोडा सैल होतोच, रंग दबतो, पत्रा बसतो. प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवली होती. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे लांबूनच कळतं. त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी जांबोटीच्या सात फेऱ्या मारल्या. बऱ्याच फेऱ्यांमध्ये मामा बरोबर होता. एकदा कुसमळीच्या पुलाशी थांबून आम्ही खाली उतरलो. उन्हाळ्यात मलप्रभा इतकी बारीक असते, की हीच नदी पुढे तीनशे किलोमीटर जाते यावर विश्वास बसत नाही. तिथे मी त्याला फ्यूजबद्दल पुन्हा सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "उडाला तेव्हा मला सांगितलं असतंस तर मीही कदाचित मोठाच घातला असता. दोघांनाही माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

आजीला मनवणं मात्र यातल्या कशानंही झालं नाही. मी तिला वही दाखवली, व्होल्टचे आकडे सांगितले. तिनं ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडत राहिली. श्रावणाच्या आदल्या आठवड्यात एका रात्री वीज गेली होती, पाऊस धो धो पडत होता. मामानं गाडी अंगणात काढली, आजीची खुर्ची पडवीत ठेवली आणि दिवे लावले. आंब्याच्या झाडापर्यंत सगळं लख्ख. मग पिवळे लावले. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "तासभर चालू ठेव." आम्ही तासभर इंजिन आणि दिवे चालू ठेवून तिच्या शेजारी पडवीत बसलो. मध्ये तिनं जाऊन स्वतः मागच्या सीटवर हात फिरवला. कोरडी होती.

या श्रावणात आम्ही पहाटे निघालो. संध्याकाळी पाचच्या पुढे वाडीत थांबायचं नाही आणि थांबलो तर मुक्कामच करायचा, ही अट मामानं स्वतःच घातली. धुक्यात रात्री जायला कितीही चांगला दिवा पुरा पडत नाही. जांबोटीच्या पुढे पाऊस लागला, मग ढग. मामानं पिवळे दिवे लावले, काटा तीसच्या पुढे जाऊ दिला नाही. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दिसत होती, तेवढी पुरे होती.

पारवाडच्या अलीकडे मागून बारीक खडखड ऐकू आली. मी आणि मामानं एकमेकांकडे बघितलं. पूर्वी मी गाण्याचा आवाज वाढवला असता. मामानं रुंद जागा बघून गाडी थांबवली, मी त्रिकोण मागे ठेवला आणि पावसात उतरलो. सगळ्या रेघा जागेवर होत्या. शेवटी कळलं, पोत्यातलं फावडं शॅकलला लागत होतं. मधे जुनं फडकं घातलं. आत आलो तर आजी विचारते, "सापडलं?" सापडलं म्हटल्यावर तिनं पुढे बघायला सुरुवात केली.

माउलीच्या देवळापाशी कुंड भरून वाहत होतं. ओटी भरून आम्ही आतल्या वाटेला लागलो. पहिल्या ओहोळाआधी मामानं गाडी थांबवली, थर्मासमधला चहा काढला. दहा मिनिटं. मी काठीनं पाणी मोजून आलो, गुडघ्याच्या खाली होतं. गाडी हळूच उतरली आणि पलीकडे चढली. दुसऱ्या ओहोळाच्या पलीकडे इरलं पांघरून, काठी टेकवत आजीचा भाऊ उभा होता. गुडघे दुखत असताना घरापासून एवढं चालत आला होता. त्याला वाटलं होतं, ती येणार नाही, पण गाडीचा आवाज ऐकला.

दोघं बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यानं विचारलं, "दिवे नीट केले काय पोरांनी?" आजी म्हणाली, "केले. आणि छप्पर पण." परत निघालो तेव्हा साडेचार वाजले होते, उजेड होता. ती मागच्या सीटवर बसली, मांडीवर पिशवी. पिशवीच्या तोंडातून तिची जुनी पितळी बॅटरी डोकावत होती, नवे सेल घातलेली. मी तिकडे बघितलेलं तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "राहू दे. असू दे जवळ." मीही तेच म्हटलं. आता ती बॅटरी आमच्या वहीत, गाडीत ठेवायच्या सामानाच्या यादीत पहिली आहे.